रविवारचा रोहू

मासा ताजा आहे की शिळा हे ओळखायला मला आईने शिकवलं, आणि माणूस खरं बोलतो आहे की खोटं हे ओळखायला नवऱ्याने. पहिली विद्या मी भंडाऱ्याहून सोबत घेऊन आले. दुसरी जबलपूरला, संसार करता करता शिकले. दोन्ही विद्या एकाच वेळी वापरायची पाळी येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

भंडारा म्हणजे तळ्यांचा मुलूख. आमच्या दारावर मासोळ्या यायच्या, आणि आई टोपलीपुढे उकिडवी बसून एकेक मासोळी हातात घेऊन तपासायची. डोळा फुगीर आणि पाणीदार हवा. आत गेलेला, पांढुरका झालेला असला तर खाली ठेवायची. कल्ला उचलून बघायचा, आत लालभडक हवा. पोटावर बोट दाबायचं आणि खळगा भरून येतो का ते बघायचं. नाही आला तर मासोळीवालीला सांगायचं, बाई, हिला तू परवाच आणायला हवं होतं. मी दहावीत जाईपर्यंत ही परीक्षा पास झाले होते.

ह्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या जबलपूरचं. कोणी एक पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आला आणि नर्मदेच्या पाण्याला चटावला, असं सासरे सांगत. घरात मराठी आहे, पण हिंदीच्या शेजारी राहून राहून ती तिच्यासारखीच दिसायला लागली आहे. हे एका सरकारी दफ्तरात होते. मी शाळेत विज्ञान शिकवायची, आणि कॉपी धरणारी बाई म्हणून माझा दरारा होता. मी वर्गात शिरले की ज्याच्या बाहीत चिठ्ठी असेल त्याचा हात आपोआप बाहीकडे जायचा. चोराच्या मनात चांदणं. घरीही मी तेच बघत आले.

कारण हे प्यायचे. लपवण्यात अर्थ नाही. मदन महालच्या आमच्या गल्लीत ते कोणापासून लपलेलं नव्हतं. मारझोड नाही, शिवीगाळ नाही. खोटं बोलणं मात्र भरपूर. मीटिंग लांबली, कोणाच्या तरी वडिलांना दवाखान्यात न्यायचं होतं, स्कूटर पंक्चर झाली. आणि ज्या दिवशी जास्त झालेली असे त्या दिवशी हातात कमानिया गेटकडून आणलेला खोव्याच्या जिलेबीचा पुडा. लेक लहान होती, ती उड्या मारायची. मी पुडा बघूनच समजायची की आज मामला जोरात आहे. सगळं जबलपूर ज्या जिलेबीवर जीव टाकतं ती माझ्या घशाखाली आजही उतरत नाही.

मग यकृताने इशारा दिला. डॉक्टर ह्यांच्याशी न बोलता माझ्याशी बोलले, त्यावरूनच मी काय ते समजले. आता थेंबही नाही, म्हणाले, आणि घेतला तर माझ्याकडे आणू नका. घरी आल्यावर मी माझं सांगितलं. परत प्यायलात तर मी पुण्याला लेकीकडे निघून जाईन आणि तुमच्या आजारपणालासुद्धा परत येणार नाही. मी बोललेलं करते, हे त्यांना माहीत आहे. त्यांनी सोडली. म्हणजे असं, की त्यानंतर मला सापडली नाही. सोडली आणि सापडली नाही यांत केवढं अंतर असतं ते दारुड्याच्या बायकोला विचारावं.

तर असे आम्ही दोघं निवृत्त झालो, आणि एक दिवस हे मासे धरायची छडी घेऊन घरी आले. चकचकीत, घडी होणारी, दोरी गुंडाळायची चरकी लावलेली. मला वाटलं चार दिवसांचं खूळ. पण हे फोनवर धडे घ्यायला लागले. फोनवर कोण कोण लोक मासे धरायला शिकवत असतात, आणि ह्यांच्यासारखे शिष्य मिळतात त्यांना. जेवताना मला ऐकवायचे. पाण्याजवळ बोलायचं नाही. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. कोवळं ऊन असेपर्यंत मासा काठाशी येतो, ऊन चढलं की खोल जातो. दोरी हलली की लगेच ओढायची नाही, मासा आधी चाखून बघतो. ताण आला की मगच मनगटाने झटका द्यायचा.

मी ऐकून घ्यायची. मनात म्हणायची, एकटं बसायचं, कोणाशी बोलायचं नाही, लोकांपासून दूर, सकाळपासून दुपारपर्यंत. ह्या सगळ्या अटी दुसऱ्याही एका उद्योगाला तंतोतंत लागू पडतात.

दर रविवारी बरगीच्या धरणाकडे जायचं असं ठरलं. घाटावर गळ टाकायचा नाही, एवढी अक्कल त्यांना होती. ग्वारीघाटचे मासे नर्मदामैयाचे, त्यांना फक्त खाऊ घालायचं. सासूबाई दर पौर्णिमेला कणकेच्या गोळ्यांचा डबा घेऊन तिथे जायच्या. शनिवारी संध्याकाळी हे मला म्हणायचे, "थोडी कणीक मळून दे ना. आई बनवायची तशी, नरम. गूळ टाक थोडा." मी मळून द्यायची. एका हाताने कणीक द्यायची आणि दुसऱ्या हाताने संशय मळत बसायची.

पहिल्या रविवारी दुपारी हे मासा घेऊन आले. छान दोन वेळ पुरेल असा रोहू, पाठ करडी, पोट चांदीसारखं. "बघ," म्हणाले, आणि पिशवी माझ्या हातात देऊन सरळ न्हाणीघरात गेले. घरात आल्या आल्या आंघोळ! हा माणूस थंडीत मी मागे लागल्याशिवाय पाण्याला शिवत नाही. मी मासा मागच्या अंगणात नेला. आमच्याकडे मासा स्वयंपाकघरात येत नाही. तो सासूबाईंचा नियम, त्या गेल्या तरी मी पाळते. अंगणात वेगळी शेगडी, वेगळी कढई, वेगळी विळी.

डोळा ठीक होता. कल्ला लाल होता. पोट घट्ट होतं. मग मी तोंड उघडून बघितलं आणि तिथेच थांबले. ओठाला खूण नाही, जबड्याला नाही, आत टाळ्याला नाही. गळाला लागलेल्या माशाच्या तोंडाला कुठेतरी जखम असतेच. हा मासा कोणाचं बोट धरून चालत आल्यासारखा स्वच्छ होता.

हे आंघोळ करून, तेल लावून बाहेर आले. मी सहज आवाजात विचारलं, "अहो, गळ कुठे लागला होता ह्याला?"

"तोंडात. और कहाँ?"

"खूण नाही दिसून राहिली."

"निकल गया होगा," असं म्हणून ते टॉवेल वाळत घालायला गेले. टॉवेल! लग्न झाल्यापासून ह्यांचा टॉवेल मी उचलत आले आहे.

तरी मासा केला. राग माणसावर असावा, रश्श्यावर काढू नये. तुकड्यांना मीठ-हळद चोळून ठेवली, मग ताकाच्या पाण्याने धुतले म्हणजे गोड्या पाण्यातल्या माशाचा चिखलट वास जातो. कांदा आणि सुकं खोबरं निखाऱ्यावर काळपट होईपर्यंत भाजलं. धणे, लसूण, थोडी खसखस घालून पाट्यावर वाटलं. मिक्सरमध्ये त्याचं उगाळलेलं गंध होतं, रस्सा होत नाही. तेलात वाटण बाजूने तेल सुटेपर्यंत परतायचं, चिंचेचा कोळ घालायचा, आणि रस्सा खळखळून उकळल्यावरच तुकडे सोडायचे. मग चमचा घालायचा नाही, कढई धरून नुसती हलवायची. हे दोनदा भात घेऊन जेवले. मीही जेवले, पण काट्यापेक्षा दुसरंच काहीतरी घशात टोचत होतं.

पुढच्या रविवारी पुन्हा रोहू आला, आणि ह्या खेपेला ओठाला भोक होतं. चांगलं दिसेल असं, वरच्या ओठाला, अगदी मधोमध. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. जिवंत ओठात गळ शिरला की तिथे रक्त साकळतं, कडा लाल होते, मासा ओढाताण करतो म्हणून भोक फाटतं. हे भोक पुठ्ठ्याला पाडल्यासारखं कोरडं आणि गोल होतं. मेलेल्या माशाला कोणीतरी सावकाश बसून भोक पाडलं होतं. मग मी नीट बघितलं, तर कल्ल्यांच्या मागे अंगाभोवती एक बारीक काळसर रेघ, आणि तिथले खवले सरकलेले. जाळ्यात मान अडकली की माशाला ती रेघ पडते. हा मासा जाळ्यातला होता, म्हणजे विकतचा होता.

आता विकतचा मासा आणून धरला म्हणून सांगणं हा गुन्हा नाही. जगातले निम्मे गळवाले तेच करत असतील. पण मी विज्ञानाची बाई. मासा विकत घ्यायला पाच मिनिटं लागतात. मग सकाळपासून दुपारपर्यंत हा माणूस असतो कुठे?

आणि मला जिलेबीचा पुडा आठवला. हातात काहीतरी घेऊन घरी येणं, आल्याबरोबर ते माझ्या हातात देऊन नजरेआड होणं. सगळं तसंच. वर मासा तर जिलेबीहून हुशार. जिलेबीने तोंडाचा वास लपायचा नाही. माशाचा वास सगळ्या वासांवर चढून बसतो. ज्याने कोणी ही युक्ती काढली त्याला मानलं पाहिजे, असं मला वाटलं, आणि शेगडीजवळ बसून मी रडले. डॉक्टरांचं वाक्य माझ्या कानात होतं. पुन्हा सुरू झालं असेल तर मी ह्या माणसाला घालवून बसणार होते, आणि माझ्या शब्दाप्रमाणे त्याच्याजवळही नसणार होते.

लेकीला फोन केला. ती पुण्यात नोकरी करते. मराठी समजते सगळी, बोलताना मध्येच हिंदीच्या फाट्याला वळते. म्हणाली, "आई, पापाने मुझे फोटो भेजा ना, कितने खुश लग रहे थे. तू काहून असं करून राहिली?"

"फोटोत मासा बघितला का नीट?"

"मैं मछली क्यों देखूँगी? मी पापांना पाहिलं."

तिला काय सांगणार? मी फोन ठेवला आणि ह्यांची गळाची पेटी उघडली. गळ, शिशाच्या गोळ्या, दोरीचं रीळ, वाळून कडक झालेली कणीक. थर्मास हुंगला, चहाचा वास. गाडीची डिकी बघितली, सीटखाली हात घातला, एक बडीशेपेची पुडी सापडली. बडीशेप कोण खातं? जेवलेला माणूस खातो. आणि दुसरा एक खातो. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात म्हणतात. मी तर पाणीसुद्धा फुंकत होते.

असे काही रविवार गेले. दर रविवारी मासा, दर माशाला भोक. एकदा तर खालच्या ओठाला, बदल म्हणून. मी सगळं बघत होते, आणि रस्सा रांधत होते. मग एका शनिवारी कणीक मळता मळता म्हटलं, "उद्या मीही येते."

ह्यांचा चेहरा उतरला. मी चेहरा बघायलाच बसले होते. "तू? तिथे काय करशील? धूप राहते खूप. बसायला काही नाही."

"छत्री घेईन."

"बोर होशील."

"तुम्ही नाही होत ना? मग मीही नाही होणार."

सकाळी त्यांनी गाडी काढली, मी शेजारी बसले. बरगीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मनात पुण्याला न्यायच्या बॅगा भरत होते. धरणाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक बाई टोपली मांडून बसली होती, ओलं पोतं झाकलेली. ह्यांनी गाडीचा वेग वाढवला. ह्या रस्त्यावर आमच्या गाडीने इतका वेग कधी घेतला नसेल. पण समोरून बैलगाडी आली, गाडी हळू करावी लागली, आणि ती बाई उठून हात दाखवत आली.

"भैया, आज इधर से जल्दी निकल रहे हो? लौटते में लोगे ना? रोहू रख दूँ, वही बीच के साइज वाली?" मग तिला मी दिसले. "अच्छा, दीदी को भी लाए हैं! नमस्ते दीदी. भैया तो हर इतवार हमीं से ले जाते हैं."

"हाँ, हाँ, देखते हैं," हे म्हणाले आणि पुढे निघाले. त्यांचे कान लाल झाले होते. कॉपी करताना धरलेल्या पोराला लगेच रागवायचं नसतं. त्याला थोडा वेळ त्याच्याच जवळ बसू द्यायचं.

जलाशयाच्या काठाला एका वळणावर गाडी लावून आम्ही खाली उतरलो. सपाट खडक, मागे पळसाची झाडं, पुढे दूरवर पाणी. माणूस कोणी नाही. मी आधी खडकांच्या मागे बघून आले. एक रिकामी क्वार्टर मिळाली, काच पिवळी पडलेली, आत माती.

"हे काय आहे?"

"बाटली आहे."

"कोणाची?"

"सगळ्या दुनियेच्या बाटल्या माझ्याच राहतात का?" हे पहिल्यांदा चिडून बोलले. मी बाटली परत ठेवली. जुनी होती हे मलाही दिसत होतं, पण विचारणं भाग होतं.

मग ते बसले. छडीची घडी उघडली, गळ काढला, कणकेची गोळी करून त्यावर चढवली आणि दोरी पाण्यात सोडली. मी छत्री उघडून मागे बसले, सावली पाण्यावर पडणार नाही अशी. दोरी जरा थरथरली. हे झटका न देता थांबले, फोनवाल्या गुरूंनी सांगितलं होतं तसे. मग ओढली. गळ कोरा. पुन्हा गोळी, पुन्हा दोरी, पुन्हा थरथर, पुन्हा गळ कोरा. असं चालू राहिलं. काही वेळाने काठाशी पाण्यात लहान लहान मासे जमलेले मला स्पष्ट दिसायला लागले. ते वाटच बघत होते.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मऊ, गुळाची, सासूबाईंसारखी कणीक! ती गळावर टिकणार कशी? पाण्यात गेली की विरघळत होती, मासे येऊन चाटून जात होते. गळाला लावायची कणीक घट्ट हवी, त्यात भाताचं शीत कुस्करून घालावं लागतं, कापसाचे चार तंतू घालावे लागतात, म्हणजे ती धरून राहते. घाटावर पुण्य म्हणून टाकायची ती कणीक वेगळी. ह्यांच्या घराण्याला मासे खाऊ घालायचंच माहीत. धरायचे कसे हे कोणाला माहीत असणार? आणि गांडूळ लावायचं तर हे गांडूळ बघून तोंड फिरवतात.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही मासे धरून राहिले का जेवू घालून राहिले?"

ते हसले नाहीत. मीही हसणं आवरलं. मग माझ्याने राहवलं नाही. "आजपर्यंत एक तरी लागला का?"

"एक लागला होता. काठापर्यंत आणला होता. मग सुटला."

"बाकी दिवसभर?"

"हेच. बसून राहतो. चहा पितो. बरं वाटते इथे."

"मग तसं सांगायचं ना. नाही मिळाला म्हणून. विकत काहून आणता?"

त्यांनी दोरी गुंडाळली आणि छडी बाजूला ठेवली. "सांगितलं असतं तर तुला खरं वाटलं असतं? सकाळपासून माणूस घराबाहेर, आणि दुपारी हात हलवत वापस. तू काय म्हटलं असतं, सांग."

मी काय म्हटलं असतं ते आम्हा दोघांनाही पाठ होतं.

"आणि ते भोक?"

"तूच विचारलं होतं ना, गळ कुठे लागला म्हणून. मग गाडीत बसून पाडायचो." ते पाण्याकडे बघत बोलत होते. "मासा नेला ना, की तू माशाकडे पाहतेस. त्याचे डोळे पाहतेस, तोंड उघडून पाहतेस, दाबून पाहतेस. तेवढा वेळ माझ्याकडे पाहत नाहीस. मी आरामात आंघोळीला जातो."

मला राग आला. आधी रागच आला, ते खोटं कशाला सांगू? संशय मी माहेरून आणला नव्हता. एकेक जिलेबी करून त्यांनी तो माझ्या पदरात घातला होता, आणि आता तो त्यांनाच जड झाला होता. मला तेच बोलायचं होतं, तोंडापर्यंत आलं होतं. पण ते तसेच पाण्याकडे बघत बसले होते, मांडीवर पिठाचे हात ठेवून, आणि माझा राग त्यांच्यापर्यंत पोचेना. दारू सोडल्यापासून हा माणूस माझ्यासमोर रोज झडती देतो आहे, आणि झडती चुकवायला त्याला टोपलीतला रोहू पुढे करावा लागतो, हे ऐकून मला वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की मी छत्री मिटून टाकली आणि उन्हात बसले.

येताना ती बाई उभीच होती. "रख दी है भैया," म्हणाली. हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आज नहीं." तिला वाटलं असेल की दीदी कंजूस आहे. घरी येऊन आम्ही वरण-भात खाल्ला. लेकीचा फोन आला, तिला मी ह्यातलं काही सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी मी कणीक घट्ट मळली, शीत घालून, कापूस घालून. ह्यांनी ती दाबून बघितली आणि डब्यात ठेवली. रविवारी एकटेच गेले. मी म्हटलं नाही की येते. म्हणायचं नाही असं ठरवून गप्प राहिले, आणि गाडी गल्लीबाहेर गेल्याबरोबर वाटलं, काय मूर्ख बाई आहेस, त्याने तुला एका दिवसात गुंडाळलं. ती बाटली जुनी होती कशावरून? मातीच तर होती आत, माती कोणीही भरू शकतं. मासे लागत नाहीत हे खरं. पण बाकी वेळ तो नुसता बसतो हेही खरं कशावरून? एक दिवस मी सोबत होते, बाकीच्या दिवसांचं काय? डोकं असं गिरणीसारखं चालू असताना हात मात्र कांदा-खोबरं भाजत होते. वाटण वाटून ठेवलं. दुपार झाली, दुपार टळली, नेहमीपेक्षा उशीर झाला.

गाडी वाजली. मी अंगणातून दारात आले. हे आत आले आणि थांबले. हातात छडी, पेटी, बस. पिशवी नाही.

"नाही मिळाला," म्हणाले.

न्हाणीघराकडे गेले नाहीत. दारातच उभे राहिले, उन्हातून आलेला माणूस करतो तसे डोळे बारीक करून. नाकाची साल गेली होती. शर्टाची कॉलर मानेला सैल झाली होती. ती कधीपासून सैल झाली ते मला सांगता आलं नसतं. मी जरा पुढे झाले असते तर श्वासाचा वास आला असता. एवढंच करायचं होतं, आणि ते मी कितीदा तरी केलं आहे, झोपलेले असतानासुद्धा. तेही मला माहीत आणि त्यांनाही. ते वाट बघत होते.

मी पुढे झाले नाही. विश्वास बसला होता म्हणून नाही. वास आला असता तर मला पुण्याला जावं लागलं असतं, आणि उंबऱ्यावर उभ्या असलेल्या त्या माणसाला सोडून मला कुठे जायचं नव्हतं.

"उशीर झाला," मी म्हटलं. "हात धुवा, वाटण तयार आहे. अंडी सोडते त्यात."

"खरंच नाही मिळाला," ते म्हणाले.

"ऐकलं मी," मी म्हटलं.